शाळेनं लॅपटॉप सक्तीचा केलाय? दुकानात जायच्या आधी हे करा

मे महिना संपत आला की आमच्या दुकानात पालक यायला लागतात आणि आल्याआल्या मोबाइल पुढे करतात. त्यावर शाळेचा मेसेज असतो: इयत्ता आठवीपासून प्रत्येक विद्यार्थ्याकडे स्वतःचा लॅपटॉप असणे अनिवार्य, किमान आय-फाइव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम (काम चालू असताना लागणारी मेमरी), ५१२ जीबी एसएसडी (फायली साठवायची जागा), शाळा सुरू होण्यापूर्वी खरेदी करावी. तासगावकडचे एक शेतकरी असाच मेसेज घेऊन आले होते. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले, आणि एका मोठ्या दुकानात ६५ हजारांचा लॅपटॉप हप्त्यांवर घ्यायचा म्हणून कागदपत्रं पिशवीत घालूनच निघालेले. मला एवढंच विचारत होते, "ताई, सोळा जीबी नसंल तर पोरीला वर्गात बसू देणार न्हाईत का?"

त्यांच्या मुलीचं सगळं काम शेवटी २२ हजारांच्या वापरलेल्या मशीनवर झालं, अजून होतंय. ते कसं, तेच इथे सविस्तर लिहितेय. सांगलीत विश्रामबागला मी आणि माझा नवरा लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याआधी अकरा वर्षं मी एका शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. दोन वर्षांपूर्वी माझ्या स्वतःच्या मुलीच्या शाळेतूनही हाच मेसेज आला, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजूंनी मी हे पाहिलंय.

पहिलं काम: शाळेला विचारा, लेखी विचारा

मेसेज आला की लगेच किमती बघत बसू नका. आधी शाळेला एक साधा अर्ज किंवा ईमेल करा. फोनवर विचारलं तर उत्तर हवेत जातं. मी माझ्या मुलीच्या शाळेला जे विचारलं ते असं होतं: लॅपटॉप कोणत्या विषयाच्या तासाला लागणार, आठवड्यातून किती तास? कोणतं सॉफ्टवेअर चालवायचं आहे? घरातला, भावंडांचा मिळून एक असलेला लॅपटॉप चालेल का? वर्गात चार्जिंगची सोय आहे का? खेळाच्या तासाला मुलं मैदानावर असताना लॅपटॉप कुठे ठेवायचे, कपाट आहे का, त्याला कुलूप आहे का? वर्गात फुटला तर काय? आणि ज्यांना घेणं शक्यच नाही त्यांच्यासाठी शाळा काय करणार?

उत्तर आलं तेव्हा कळलं की आठवड्यातून चार तास, आणि काम म्हणजे पायथॉन या संगणकाच्या भाषेतले छोटे प्रोग्रॅम, प्रेझेंटेशन, गूगल क्लासरूमवर गृहपाठ आणि विज्ञानाचे काही व्हिडिओ. यातल्या एकाही गोष्टीला १६ जीबी लागत नाही. मग तो आकडा आला कुठून? कॉम्प्युटरच्या सरांना भेटले तेव्हा त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, की एका विक्रेत्याच्या कोटेशनवर जे होतं तेच परिपत्रकात उतरलं. आम्ही आठ-दहा पालकांनी मिळून विचारल्यावर पुढच्या आठवड्यात सुधारित मेसेज आला, त्यात ८ जीबी आणि २५६ होतं. एका प्रश्नानं प्रत्येक घराचे पंधरा-वीस हजार वाचले.

आपल्या बोर्डाचं नीट माहीत करून घ्या. सीबीएसईला नववी-दहावीत कॉम्प्युटर ॲप्लिकेशन्स (विषय क्रमांक १६५) किंवा आर्टिफिशियल इंटेलिजन्स (४१७) घेतलं तरी प्रात्यक्षिकं शाळेच्या लॅबमध्ये होऊ शकतात. प्रत्येक मुलाचा स्वतःचा लॅपटॉप असावा अशी बोर्डाची अट नाही. आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शाळांची गोष्ट वेगळी. त्यांच्या मिडल इयर्स प्रोग्रॅमच्या शेवटच्या परीक्षा २०१६ पासून स्क्रीनवर होतात, तेव्हा तिथे मशीनची सवय आणि शाळेनं सांगितलेली नेमकी कॉन्फिगरेशन दोन्ही गांभीर्यानं घ्या. म्हणजे 'अनिवार्य' हा शब्द बोर्डाचा आहे की शाळेचा, हे आधी समजून घ्यायचं. शाळेचा असेल तर त्यावर बोलता येतं.

'कोणत्या तासाला लागणार' हा प्रश्न मी सगळ्यात आधी ठेवते, त्याला कारण आहे. नुसतं मशीन हातात दिल्यानं अभ्यास वाढत नाही. पेरू देशात सरकारनं खेड्यातल्या प्राथमिक शाळांमधून मुलांना लॅपटॉप वाटले आणि नंतर ३१९ शाळांची पाहणी झाली, तिचा अहवाल २०१२ मध्ये आला. गणित आणि भाषेच्या गुणांवर काही परिणाम दिसला नाही. हेच हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप २००७ मध्ये आपल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेतही आले होते. वर्गात त्यावर काय करायचं हे शिक्षकानं ठरवलेलं असेल तरच त्या यंत्राचा उपयोग. म्हणून सरांनी "बघू, वर्षभरात उपयोग होईलच" असं उत्तर दिलं, तर मी तरी खरेदी पहिल्या चाचणीपर्यंत पुढे ढकलीन.

पैशांची अडचण असेल तर

हे पालक माझ्यासमोर आवाज खाली आणून बोलतात. तसं बोलायचं काही कारण नाही. तमिळनाडूनं २०११ पासून सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मोठ्या मुलांना लॅपटॉप फुकट दिले, कारण गरज आहे असं सरकारनं म्हटलं आणि खर्चही सरकारनंच उचलला. खासगी शाळा गरज आहे म्हणते तेव्हा खर्चाचं काय, हे विचारणं हा पालकाचा हक्क आहे.

मूल आरटीईच्या २५ टक्के राखीव जागांवर शिकत असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३ दाखवा. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण करायच्या आड येईल अशी फी, आकार किंवा खर्च मुलावर लादता येत नाही, असं त्यात लिहिलंय. बाकीच्यांसाठी पालक-शिक्षक संघ आहे. महाराष्ट्रात २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं प्रत्येक शाळेत हा संघ आणि त्याची कार्यकारी समिती असावीच लागते, आणि फीचा प्रस्ताव त्या समितीसमोर ठेवावा लागतो. शाळा लॅपटॉपचे पैसे फीमधून घेणार असेल तर ते याच समितीत आलं पाहिजे. समितीवर कोण आहे ते शाळेत विचारा, त्यांच्याशी बोला, आणि एकटे जाऊ नका. चार पालक एकत्र गेले की ऑफिसमधला सूर बदलतो, हे मी लॅबच्या खिडकीतून अकरा वर्षं पाहिलंय. आणखी एक: अमुक दुकानातूनच घ्या ही सक्ती मान्य करू नका. वह्या-गणवेशाच्या बाबतीत अशी सक्ती करायची नाही असं शासनानं शाळांना वेळोवेळी बजावलेलं आहे. लॅपटॉपलाही तोच न्याय मागा.

मुलीच्या वर्गात तिघांच्या घरी लॅपटॉप घेणं शक्य नव्हतं. शाळेच्या लॅबमध्ये जुने डेस्कटॉप धूळ खात होते. त्यातल्या सहा मशीनमध्ये एसएसडी आणि रॅम घातली, ती पालक संघानं वर्गणीतून आणली आणि आम्ही बसवून दिली. आता त्या तासाला सगळा वर्गच लॅबमध्ये बसतो. कोणाकडे स्वतःचा आहे आणि कोणाकडे नाही हे कळतसुद्धा नाही. वर्गात वेगळं पडणं काय असतं ते मुलं बोलून दाखवत नाहीत, म्हणून हे आपण मोठ्यांनीच आधी बघायचं असतं.

घ्यायचाच ठरला तर काय बघायचं

आधी वजन. दुकानदार हे सगळ्यात शेवटी सांगतो, मी सगळ्यात आधी सांगते. २०२० च्या स्कूल बॅग धोरणाप्रमाणे दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. आठवीतलं मूल ४० किलोचं असेल तर सगळं मिळून ४ किलो. १५.६ इंची जाडजूड गेमिंग लॅपटॉप चार्जरसकट अडीच-तीन किलोच्या घरात जातो. पुस्तकं, डबा, पाण्याची बाटली कुठे ठेवणार? १४ इंची, दीड किलोच्या आसपासचा घ्या. शक्य असेल तर दुकानात मुलाला घेऊन जा आणि त्याच्या दप्तरात लॅपटॉप घालून ते पाठीवर घेऊन दहा पावलं चालायला सांगा.

रॅम ८ जीबी पुरते, पण पुढे वाढवता येते का ते विचारा. काही पातळ मॉडेलांत ती बोर्डावरच डकवलेली असते, मग अकरावीला नवीन मशीन घ्यायची वेळ येते. साठवणीला २५६ जीबीची एसएसडी भरपूर. जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क असलेला लॅपटॉप कितीही स्वस्त मिळाला तरी नको, दप्तरातल्या धक्क्यांनी ती वर्षा-दोन वर्षांत जाते. कॅमेरा आणि माइक चालू हवेत. टच स्क्रीन, कीबोर्डखालचे रंगीत दिवे, वेगळं ग्राफिक कार्ड यांवर शाळेच्या कामासाठी पैसे घालू नका.

प्रोसेसरचं एक कोडं सोडवून देते, कारण इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. 'आय-फाइव्ह' म्हटलं की पालकांना वाटतं मशीन जोरदार. पण आय-फाइव्ह दहा वर्षांपूर्वीचाही असतो आणि कालचाही. त्यापुढचा आकडा बघा. ६२०० म्हणजे सहाव्या पिढीचा, ८२५० म्हणजे आठव्या, ११३५ म्हणजे अकराव्या. आठव्या पिढीच्या मागचं काही घेऊ नका. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ रीतसर चालवायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनवर दुकानदार काहीतरी युक्ती करून ११ टाकून देतात आणि पुढे एखाद्या अपडेटला ते अडतं. घरात असा जुना लॅपटॉप पडलेला असेल तर त्यावर विंडोजऐवजी उबंटू किंवा लिनक्स मिंट टाका, या लिनक्सच्या फुकट मिळणाऱ्या सिस्टिम आहेत. पायथॉन, ब्राउझर आणि लिबर ऑफिस त्यावर सुरेख चालतात. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकवतात. फक्त शाळेला आधी विचारा.

वापरलेला घेताना काउंटरवरची वीस मिनिटं

मी स्वतः मुलीसाठी वापरलेलाच घेतला. कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप बदलतात आणि ते लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि तिथून आमच्यासारख्या दुकानांत येतात. ही मशीनं ऑफिसच्या वापरासाठी बनलेली, बिजागऱ्या दणकट, सुटे भाग सहज मिळणारे. त्याच पैशात मिळणाऱ्या नव्या स्वस्त प्लास्टिकच्या लॅपटॉपपेक्षा मी यांवर जास्त भरवसा ठेवते. पण तपासून घ्यायचं, आणि घाई करणाऱ्या दुकानातून बाहेर पडायचं.

झाकण एका हातानं, एका कोपऱ्याला धरून हळू उघडा. खालची बॉडी वर उचलली जाते का, कुठे कट् असा आवाज येतो का, ते बघा. आवाज आला तर बिजागरी बॉडीतून सुटत चाललीय. आमच्याकडे येणाऱ्या शाळकरी लॅपटॉपांचं हे पहिल्या नंबरचं दुखणं आहे आणि बदलायला अडीच-तीन हजार जातात. मग चार्जर लावा आणि पिन अलगद हलवा. चार्जिंगचा दिवा विझतो का? नोटपॅड उघडून प्रत्येक बटण एकदा दाबा, अगदी स्पेसबारची दोन्ही टोकंसुद्धा. संपूर्ण पांढरं पान उघडून स्क्रीनवर डाग किंवा पिवळट पट्टा आहे का ते बघा.

आता बॅटरी. 'दोन तास जाते' या शब्दावर जाऊ नका. कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडायला सांगा आणि त्यात इंग्रजीत 'पॉवरसीएफजी' सलग, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (फॉरवर्ड स्लॅश) आणि लगेच 'बॅटरीरिपोर्ट' सलग टाइप करून एंटर करा. एक फाइल तयार होते, तिचा पत्ता तिथेच दिसतो. त्या फाइलमध्ये दोन आकडे शोधा: 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी'. माझ्या मुलीच्या मशीनचे आकडे ५०,००० आणि ३१,००० च्या आसपास होते, म्हणजे बॅटरी ६२ टक्के उरलेली. तो कागद समोर ठेवून मी नवीन बॅटरी घालून मागितली. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर तुम्हीही मागा किंवा तेवढे पैसे कमी करून घ्या. वर्गात तीस मुलांत चार्जिंगचे दोन पॉइंट असतात, तेव्हा बॅटरीच कामाला येते.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी करायचं: समोर बसून विंडोज रिसेट करायला लावा, सुरुवातीपासून. वायफाय जोडल्यावर एखाद्या कंपनीचं नाव झळकून तिचा ईमेल आणि पासवर्ड मागितला, तर ते मशीन अजून त्या कंपनीच्या ताब्यातून सुटलेलं नाही. असं मशीन फुकट दिलं तरी नको. सुरू होताना लॅटिट्यूडला एफ टू, थिंकपॅडला एफ वन, एलिटबुकला एफ टेन दाबून बायोसला (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगला) पासवर्ड नाही ना, तेही बघा. बिल पक्कं, जीएसटीचं, आणि त्यावर सिरीयल नंबर लिहिलेला. निदान तीन महिन्यांची वॉरंटी त्याच बिलावर लिहून घ्या, वेगळ्या चिठ्ठीवर नको.

शाळेत पाठवण्याआधी घरी

घरी चार्जिंगला लावल्यावर लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होतं, अशी तक्रार घेऊन कितीतरी लोक येतात. बहुतेक वेळा लॅपटॉप चांगला असतो. घरातल्या बोर्डाला अर्थिंग नसतं, किंवा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या जोडणीतून लावलेला असतो. वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या. ते लॅपटॉपसाठीच नव्हे, घरातल्या माणसांसाठीही हवं.

मुलाचं खातं साधं ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड तुमच्याकडे. मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टी फुकट आहे, त्यात वेळ आणि साइट्स ठरवता येतात. हे मुलाच्या पाठीमागे करू नका, शेजारी बसवून करा. मराठी टायपिंगसाठी विंडोजच्याच सेटिंगमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडून द्या. इंग्रजी अक्षरांनी मराठी लिहिता येतं आणि निबंध, प्रकल्प मूल स्वतः टाइप करायला लागतं. राज्य मंडळाची मुलं असतील तर बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवून ठेवा. ज्या दिवशी लॅपटॉप नेतील त्या दिवशी तेवढी जाड पुस्तकं घरी राहतील का, हे वर्गशिक्षकांना विचारा. आमच्या बाईंनी होकार दिला.

आणि मुलाला दोन गोष्टी हातानं करून दाखवा. पहिली, झाकण लावण्याआधी कीबोर्डवरून तळहात फिरवायचा. गेल्या पावसाळ्यात एक मुलगा आला, स्क्रीनवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा. म्हणाला, "पडला नाही हो, नुसता बंद केला." उघडून बघितलं तर बिजागरीजवळ शिसपेन्सिलीचं बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडं. तेवढ्यावर झाकण दाबलं गेलं आणि साडेचार हजारांचं पॅनेल गेलं. दुसरी, पाण्याची बाटली दप्तराच्या बाहेरच्या जाळीत. आत, लॅपटॉपच्या कप्प्याशेजारी कधीच नाही, झाकण कितीही घट्ट असलं तरी.

दर वीस मिनिटांनी वीस सेकंद खिडकीबाहेर लांब बघायची सवयही लावा. रात्री झोपताना लॅपटॉप हॉलमध्ये चार्जिंगला, मुलाच्या खोलीत नाही.

पावसात भिजला तर

शाळा जूनमध्येच सुरू होते, म्हणून हे सांगायलाच हवं. लॅपटॉप भिजला तर चालू असल्यास पॉवरचं बटण दाबून धरा आणि बंद करा. चार्जर लावू नका. झाकण उघडून, तंबूसारखा उलटा, टॉवेलवर ठेवा म्हणजे पाणी कीबोर्डकडून खाली गळेल. तांदळात पुरू नका, कणी आणि पीठ पोर्टमध्ये जातं. हेअर ड्रायर नको, गरम हवेनं प्लास्टिक वाकतं आणि पाणी आणखी आत सरकतं. मग दुरुस्तीवाल्याकडे न्या, त्याच दिवशी. पाण्यानं मशीन लगेच मरत नाही, ओल्या बोर्डातून वीज गेली की मरतं.

तासगावच्या त्या मुलीचं दप्तर जुलैत एसटीच्या थांब्यावर चिंब भिजलं. तिचे बाबा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून, तसाच उलटा धरून दुकानात आले. वाटेत त्यांनी एकदाही बटण दाबून बघितलं नव्हतं. मी मागचं झाकण उघडलं तेव्हा बॅटरीच्या कडेला पाण्याचे थेंब होते. बॅटरी सोडवली, बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, दोन दिवस पंख्याखाली ठेवला. तिसऱ्या दिवशी चालू झाला, आणि कीबोर्डचे सातशे रुपये सोडले तर दुसरा खर्च आला नाही.